न हलणाऱ्या गोष्टींची यादी

जानेवारीच्या रात्री आकाशदर्शनाला आलेल्या मंडळींना काय काय दाखवायचे, याचा एक क्रम ठरून गेलेला असतो. आधी मृग नक्षत्र आणि त्याच्या पोटातला बाण, मग व्याध, मग कृत्तिकांचा झुबका. शनी किंवा गुरू आकाशात असेल तर विचारायलाच नको. लहान मुलांपासून आजीबाईंपर्यंत सगळे दुर्बिणीपुढे रांग लावतात. मात्र वृषभ राशीतली एक वस्तू मी नेहमी अगदी शेवटी दाखवतो, कारण ती पाहून बहुतेकांची निराशा होते. रोहिणीच्या लालसर ताऱ्यापासून बैलाची दोन शिंगे फुटतात. त्यांपैकी दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकावर एक तारा आहे. त्याच्या शेजारी छोट्या दुर्बिणीतून एक पुसट डाग दिसतो. काचेवर कोणी फुंकर मारावी आणि ती वाफ पुरती विरू नये, तसा. लोक डोळा लावतात, क्षणभर थांबतात आणि सौजन्याने मान हलवून बाजूला होतात.

या डागाचे नाव मेसिए-१. यादीतली पहिली नोंद. ज्या माणसाच्या नावाने ही यादी ओळखली जाते, त्या शार्ल मेसिएलाही हा डाग आवडला नव्हता. त्याला धूमकेतू हवा होता आणि हा धूमकेतू नव्हता. पुन्हा फसगत होऊ नये म्हणून त्याने तो टिपून ठेवला. पुढे दोनशे वर्षांनी याच डागाला जगभरच्या क्ष-किरण आणि गॅमा किरण दुर्बिणींचे प्रमाण मानले गेले. न हलणारी, न बदलणारी वस्तू म्हणून शास्त्रज्ञांनी त्यावर भरवसा टाकला आणि त्या भरवशाचे काय झाले, ते पुढे येईलच. पण आधी मेसिएविषयी सांगायला हवे. त्याला एक कारण आहे. कितीतरी वर्षे मी या माणसाचा एक विनोदी किस्सा सांगून लोकांना हसवत आलो. तो किस्सा सांगणे मी आता बंद केले आहे. का बंद केले, तेही या निमित्ताने सांगून टाकतो.

मेसिएचा जन्म २६ जून १७३० रोजी लोरेन प्रांतातल्या बादोंविलेर या छोट्या गावी झाला. बारा भावंडांतला हा दहावा. त्यांतली सहा लहानपणीच गेली. वडील तिथल्या संस्थानिकाच्या कारभारात नोकरीला होते. १७४१ साली तेही गेले. शार्ल तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच सुमारास खेळता खेळता खिडकीतून पडून त्याने मांडीचे हाड मोडून घेतले. शाळा सुटली. थोरल्या भावाने, इयासिंतने, त्याला घरीच शिकवले आणि आपल्या कचेरीच्या कामात हाताशी घेतले. नीटनेटके अक्षर, बारीक नोंदी, नकाशे काढण्याची सवय हे सारे त्याला तिथे लागले. विद्यापीठाचे तोंड या माणसाने कधी पाहिले नाही. गणित त्याला पुढेही बेताचेच येत असे.

आकाशाने मात्र त्याला दोनदा हाक मारली. तो तेरा वर्षांचा असताना, १७४४ साली, युरोपच्या आकाशात सहा शेपट्यांचा एक विलक्षण धूमकेतू झळकला. चार वर्षांनी, २५ जुलै १७४८ रोजी, त्याच्या गावातून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसले. १७५१ साली संस्थानाची वाटणी झाली, भावाची बदली झाली आणि एकविसाव्या वर्षी शार्ल नशीब काढायला पॅरिसला आला. तिथल्या नौदलाचे खगोलशास्त्रज्ञ जोसेफ निकोला दलील यांनी त्याला ठेवून घेतले, ते त्याच्या सुरेख हस्ताक्षरासाठी. पहिले काम मिळाले ते चीनच्या मोठ्या नकाशाची नक्कल करण्याचे. आपल्याकडे पेशव्यांच्या दफ्तरात चांगल्या वळणाच्या कारकुनाला जे मोल होते, तेच त्याला तिथे मिळाले म्हणायचे.

पॅरिसमध्ये ओतेल द क्लुनी नावाची जुनी वास्तू आहे. आज तिथे मध्ययुगीन कलेचे संग्रहालय आहे. त्या काळी तिच्या मनोऱ्यावर दलील यांची लाकडी वेधशाळा होती. दलील यांच्या चिटणिसाने या नव्या कारकुनाला वेध घ्यायला शिकवले. ६ मे १७५३ रोजी झालेले बुधाचे अधिक्रमण ही त्याची पहिली नोंदलेली निरीक्षणे. कारकुनाचा हळूहळू निरीक्षक झाला आणि तोही असा की, रात्र निरभ्र असली की हा मनोऱ्यावर असायचाच.

त्या वर्षांत सगळ्या युरोपचे डोळे एका पाहुण्याकडे लागले होते. १६८२ सालचा धूमकेतू १७५८च्या सुमारास परत येईल, असे एडमंड हॅले सांगून गेला होता. तो पाहायला हॅले स्वतः हयात नव्हता. धूमकेतू आला तर न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आकाशात खरा ठरणार होता. दलील यांनी तो कुठे दिसेल याचा नकाशा काढून मेसिएच्या हाती दिला. मेसिए सुमारे दीड वर्ष त्या नकाशाप्रमाणे आकाश धुंडाळत राहिला. नकाशा चुकीचा होता. आज्ञाधारक मेसिए आकाशाच्या भलत्याच भागात शोधत होता.

या शोधात असतानाच १४ ऑगस्ट १७५८ रोजी त्याला दुसराच एक धूमकेतू दिसला. तो आधीच दुसऱ्या कोणाला सापडला होता, पण मेसिएने त्याचा पाठलाग सोडला नाही. २८ ऑगस्टच्या रात्री तो धूमकेतू वृषभ राशीतून जात असताना शिंगाच्या टोकाजवळ त्याला आणखी एक पुसट, लांबट उजेड दिसला. अगदी धूमकेतूसारखा. धूमकेतूची खूण एकच, तो ताऱ्यांमधून सरकतो. हा सरकेना. मेसिएने पुन्हा पुन्हा पाहिले. १२ सप्टेंबरला त्याने त्याची जागा मोजून लिहून ठेवली. पुढे एका पत्रातून त्याला कळले की, जॉन बेव्हिस या इंग्रज डॉक्टरने हाच डाग १७३१ सालीच पाहिला होता. मेसिएने पहिल्या शोधाचा मान बेव्हिसला खुल्या मनाने देऊन टाकला.

हॅलेच्या धूमकेतूचे काय झाले? १७५८च्या नाताळच्या रात्री जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने तो पाहिला. खगोलशास्त्राचा नाद असलेला हा शेतकरी स्वतःच्या दुर्बिणीने आकाश पाहत असे. ही बातमी पॅरिसला पोचण्यापूर्वी, २१ जानेवारी १७५९ रोजी, मेसिएलाही तो स्वतंत्रपणे सापडला. दलील यांच्या नकाशाबाहेर शोधायला लागल्यावर. आता खरी गंमत पुढे आहे. दलील यांनी त्याला ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, अशी ताकीद दिली. मेसिए अडीच महिने गप्प राहिला. १ एप्रिलला दलील यांनी शोध जाहीर केला, तेव्हा इतर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांचा त्यावर विश्वासच बसेना. दीड वर्ष घालवून हाती आलेले यश असे फुकट गेले. तरीही मेसिएने आपल्या मालकाविरुद्ध जाहीर तक्रार केली नाही.

पण एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली. आकाशात धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे पुष्कळ डाग आहेत आणि ते शोधणाऱ्याच्या रात्रीच्या रात्री वाया घालवतात. १७६४ साली त्याने हे काम अंगावर घेतले. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत त्याने अशा चाळीसपर्यंत वस्तू एकेक करून तपासल्या. १७७४ साली छापलेल्या पहिल्या यादीत ४५ वस्तू होत्या. पुढे पिएर मेशँ या धाकट्या सहकाऱ्याची मोलाची मदत झाली आणि १७८१ साली यादी १०३ वर गेली. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या आणि मेशँच्या नोंदी तपासून ती ११० पर्यंत नेली. देवयानीतली दीर्घिका ही मेसिए-३१, मृगातला तेजोमेघ हा मेसिए-४२, कृत्तिका ही मेसिए-४५. दर मार्चमध्ये आपल्याकडचेही हौशी निरीक्षक एका रात्रीत ही सगळी यादी पाहून काढण्याची शर्यत लावतात. ज्या वस्तूंकडे पाहू नका असे सांगण्यासाठी यादी केली, त्याच वस्तू लोक आज रात्र जागवून पाहतात.

मेसिएला हवे होते ते धूमकेतू त्याला मिळाले. स्वतःचे म्हणावेत असे तेराएक धूमकेतू त्याच्या नावावर जमा आहेत. आजच्या हौशी निरीक्षकाकडे असतात तेवढ्याच, तीन-साडेतीन इंच भिंगाच्या दुर्बिणी त्याच्या आवडीच्या होत्या. पंधराव्या लुईने त्याला बिळातले सावज हुडकून काढणाऱ्या एका प्राण्याचे लाडके नाव दिले होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला १७६४ साली सभासद करून घेतले. फ्रेंच विज्ञान अकादमीने मात्र १७७० पर्यंत ताटकळत ठेवले; ज्याला गणित येत नाही तो नुसता पाहणारा, असे त्यांचे मत होते.

त्याच १७७० सालच्या नोव्हेंबरात मेसिएने लग्न केले. वय चाळीस. वधू मारी-फ्रांस्वाज, लोरेनचीच, त्याच्या बऱ्याच वर्षांच्या ओळखीतली. आता तो किस्सा. ला आर्प नावाच्या साहित्यिकाने लिहून ठेवलेली गोष्ट अशी, की मेसिए बायकोच्या आजारपणात तिच्या उशाशी बसलेला असताना लिमोज गावच्या माँतेन्य नावाच्या निरीक्षकाने एक धूमकेतू शोधला. बायको वारली. कोणी समाचाराला आले आणि झाले ते वाईट झाले असे म्हणू लागले. मेसिए हळहळून म्हणाला, की बारा मिळवले होते, तेरावा या माँतेन्यने हिरावला. मग समोरच्याचा चेहरा पाहून त्याच्या ध्यानात आले आणि घाईघाईने तो बिचाऱ्या बायकोविषयी दोन शब्द बोलला.

या किश्श्यावर हमखास हशा पिकतो. आकाशदर्शनाला नवऱ्यांबरोबर नाइलाजाने आलेल्या बायका तर सर्वांत मोठ्याने हसतात. मीही रंगवून सांगत असे. मग एकदा मेसिएच्या चरित्रातल्या तारखा ओळीने मांडून पाहिल्या. माँतेन्यने धूमकेतू पाहिला ८ मार्च १७७२ रोजी. मेसिएच्या बायकोला मुलगा झाला १५ मार्चला. त्याचे नाव आंत्वान-शार्ल ठेवले. २३ मार्चला ती गेली. २६ मार्चला मुलगा गेला. लग्नाला जेमतेम सोळा महिने झाले होते. अकरा दिवसांत तो बाप झाला, विधुर झाला आणि निपुत्रिक झाला.

किश्श्यात मुलगा नाहीच. बाळंतीण नाही. नुसती एक आजारी बायको आहे. गोष्ट सांगणाऱ्याला हशा हवा होता, म्हणून त्याने मूल वगळले असेल. किंवा त्याला ठाऊकच नसेल. मेसिए खरोखर असे काही बोलला की नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही. समजा बोलला. दुःखाच्या घरी बसायला गेलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते. काल ज्याचे माणूस गेले तो आज दूधवाल्याच्या हिशेबाविषयी बोलत बसतो, कारण ज्याविषयी बोलायचे ते तोंडातून निघत नाही. बारा भावंडांतली सहा आणि अकराव्या वर्षी वडील गमावलेला हा माणूस हरवलेल्या धूमकेतूविषयी बोलला असेल, तर त्याला धूमकेतूचेच दुःख होते असे मला आता वाटत नाही. त्या दिवसापासून मी तो किस्सा सोडून दिला. मेसिएने पुन्हा लग्न केले नाही.

त्या धूमकेतूचीही हकीकत ऐकण्यासारखी आहे. तो दर पावणेसात वर्षांनी येणारा निघाला आणि पुढे बिएला या नावाने ओळखला गेला. १८४६ साली तो आला, तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे झाले. १८५२ साली ते दोन्ही दिसले आणि नंतर कायमचे नाहीसे झाले. १८७२च्या नोव्हेंबरात त्याच्या वाटेवर पृथ्वी आली, तेव्हा आकाशातून उल्कांचा पाऊस पडला. ज्याच्यावरून मेसिएला जन्मभर हसले गेले, तो धूमकेतू असा धूळ होऊन गेला.

१७८१ हे साल त्याच्या आयुष्यात दोन गोष्टी घेऊन आले. मार्चमध्ये विल्यम हर्शेलला एक नवे बिंब दिसले; मेसिएनेही ते लगोलग पाहिले आणि त्याच्या मित्राने, बोशार द सारोंने, ते शनीच्याही फार पलीकडे असल्याचे गणिताने ताडले. तो युरेनस ग्रह होता. सारों हा पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेतला बडा असामी, पण गणिताचा वेडा. मेसिए पाही आणि सारों मांडी. मेसिएला न येणारे गणित असे मैत्रीतून पुरे होत असे. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला सारों कुटुंबाबरोबर बागेत फिरताना मेसिए बर्फ साठवण्याच्या एका खोल तळघरात पडला. सुमारे पंचवीस फूट. हात, मांडी, मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या. वर्षभर तो अंथरुणाला खिळून होता. १२ नोव्हेंबर १७८२ रोजी बुधाचे अधिक्रमण होते; त्या दिवशी तो लंगडत पुन्हा दुर्बिणीपाशी आला. तोवर त्याची यादी हर्शेलच्या हाती पडली होती. त्याच्या प्रचंड दुर्बिणींनी हर्शेलने पुढे अशा वस्तू दोन हजारांच्या वर शोधल्या. मेसिएने यादी वाढवणे थांबवले.

मग राज्यक्रांती आली. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बरखास्त झाली. पगार गेला, पेन्शन गेले. राहत्या जागेचे भाडे थकले आणि रात्री नोंदी करायला लागणारे दिव्याचे तेलसुद्धा त्याला उसने आणावे लागे. तरी मनोऱ्यावर जाणे सुटले नाही. सप्टेंबर १७९३ मध्ये, पॅरिसमध्ये धरपकडीची दहशत असताना, त्याला एक धूमकेतू सापडला. काही दिवसांनी तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. पुन्हा कुठे उगवेल, हे गणित करणारा सारों तेव्हा तुरुंगात होता. मेसिएने निरीक्षणे त्याच्यापर्यंत पोचवली. सारोंने कोठडीत बसून मार्ग मांडला. त्या गणिताने सांगितलेल्या ठिकाणी मेसिएला धूमकेतू पुन्हा दिसला आणि ती वार्ता त्याने मित्राला कळवली. २० एप्रिल १७९४ रोजी सारोंचा शिरच्छेद झाला. दहशतीचे राज्य संपायला अवघे तीन महिने उरले होते.

वडील, भावंडे, बायको, मुलगा, राजा, अकादमी, मित्र. यांतले काहीही जागेवर राहिले नाही. यादी मात्र जागेवर होती. त्यातली प्रत्येक वस्तू त्याने ठेवली होती तिथेच रोज रात्री उगवत होती.

म्हातारपणी दिवस थोडे पालटले. नेपोलियनने १८०६ साली त्याला लीजन ऑफ ऑनरचे पदक दिले. मेसिएने उतराई होण्यासाठी एक निबंध लिहिला आणि आपण १७६९च्या ऑगस्टात शोधलेला मोठा धूमकेतू नेपोलियनच्या जन्माची वर्दी होती, असे त्यात सुचवले. जन्मभर नेमके तेवढेच लिहिणाऱ्या माणसाने हे लिहावे, याचे त्याच्या चाहत्यांना वाईट वाटते. मलाही वाटते. पण ज्याने उसन्या तेलावर नोंदी केल्या, त्याचा न्याय मी मऊ गादीवर बसून करू नये. पुढे दृष्टी गेली, पक्षाघात झाला आणि १२ एप्रिल १८१७ रोजी, ८६व्या वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला.

आता त्या डागाकडे येऊ. १८४४च्या सुमारास आयर्लंडच्या लॉर्ड रॉसने मोठ्या दुर्बिणीतून पाहून त्याचे चित्र काढले. ते खेकड्यासारखे दिसले, म्हणून त्याला क्रॅब म्हणजे खेकडा तेजोमेघ हे नाव पडले. कर्क राशीशी याचा काही संबंध नाही, हे दर वेळी सांगावे लागते. १९२१ साली अमेरिकेतल्या डंकनने साडेअकरा वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे ताडून पाहिली. तेजोमेघ फुगत होता. फुगण्याचा वेग उलटा मोजत गेले, की सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा काळ येत होता आणि चिनी बखरींत ४ जुलै १०५४ रोजी नेमका याच ठिकाणी एक पाहुणा तारा उगवल्याची नोंद होती. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसला आणि जवळजवळ दोन वर्षांनी मावळला. मेसिएला जो न हलणारा डाग वाटला, तो एका ताऱ्याच्या स्फोटाची राख होती आणि ती सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर वेगाने पसरत होती. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरून पाहताना ते हलणे त्याला दिसणार कसे?

१९६३ साली अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने सोडलेल्या रॉकेटला या डागातून क्ष-किरण येताना आढळले. १९६४च्या जुलैत चंद्र त्याच्यासमोरून जात असताना दुसरे रॉकेट उडवून त्याची खात्री केली गेली. १९६८ साली मधोमध एक स्पंदक सापडला. सेकंदाला तीस गिरक्या घेणारा, शहराएवढ्या आकाराचा, सूर्याहून जड तारा. त्याची गिरकी दररोज ३८ अब्जांश सेकंदाच्या आसपास मंदावते. त्यातून सुटलेली शक्ती इलेक्ट्रॉनना पळवते. चुंबकीय क्षेत्रात वळताना ते क्ष-किरण टाकतात आणि तेजोमेघ झगमगत राहतो. १९८९ साली अ‍ॅरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीने तिथून येणारे अतिशय शक्तिमान गॅमा किरणही टिपले.

तेज भरपूर आणि वर्षानुवर्षे सारखे. उच्च ऊर्जेच्या शास्त्रज्ञांना असेच काहीतरी हवे होते. किराणा दुकानदाराची वजने दर काही काळाने वजनमापे खात्याचा माणूस तपासून शिक्का मारून देतो. तराजूत पासंग असेल तर तो कळतो, कारण प्रमाण वजन वेगळे ठेवलेले असते. उपग्रहावर चढवलेली दुर्बीण एकदा वर गेली, की पुन्हा खाली आणून तपासता येत नाही. तिचे शोधक वर्षागणिक थकतात. जमिनीवरच्या गॅमा दुर्बिणींची अडचण याहून मोठी. गॅमा किरण वातावरणावर आदळून जो निळसर लखलखाट होतो तो त्या टिपतात, म्हणजे वरची सारी हवाच त्यांच्या यंत्राचा भाग. तिला प्रयोगशाळेत कुठे ठेवणार? मग आकाशातले प्रमाण वजन वापरायचे. दुर्बीण खेकड्याकडे वळवायची आणि आकडा जुळतो का पाहायचे. क्ष-किरण देणाऱ्या इतर वस्तूंचे तेजही मिलिक्रॅबमध्ये, म्हणजे खेकड्याच्या हजाराव्या हिश्श्यात मोजण्याची पद्धत पडली. आपल्या यादीतला पहिला अडथळा मापाचे एकक झाल्याचे मेसिएने ऐकले असते, तर त्याचा विश्वास बसला नसता.

२००८ नंतर एक विचित्र गोष्ट घडली. फर्मी उपग्रहावरच्या एका उपकरणात खेकड्याचे क्ष-किरण हळूहळू कमी होताना दिसू लागले. शास्त्रज्ञांनी सगळ्यात आधी संशय घेतला तो स्वतःच्या उपकरणावर. प्रमाण वजन हलके होत नाही, तराजूच बिघडतो, ही आपली समजूत असतेच. मग त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेची उपकरणे असलेल्या आणखी तीन उपग्रहांच्या नोंदी काढल्या. स्विफ्ट, रॉसी, इंटिग्रल. सगळ्यांनी एकच साक्ष दिली. दोन वर्षांत तेज सुमारे सात टक्क्यांनी उतरले होते. जुन्या नोंदी चाळल्यावर कळले, की १९९९ पासूनच ते वर्षाला साडेतीन टक्क्यांपर्यंत वरखाली होत आले आहे. मधल्या स्पंदकाचे ठोके मात्र अपेक्षेप्रमाणेच होते. बदलत होता तो भोवतीचा तेजोमेघ. हे २०११च्या सुरुवातीला जाहीर झाले. त्याआधीच, सप्टेंबर २०१० मध्ये, इटलीच्या अ‍ॅजिले आणि फर्मी या उपग्रहांना खेकड्याच्या गॅमा किरणांत काही दिवसांचा भडका दिसला होता. एप्रिल २०११ मध्ये तर नेहमीच्या तीसपट भडका उडाला.

म्हणजे प्रमाण वजनच हलत होते. मग ते फेकून द्यायचे का? तसे झाले नाही. एकाच वजनावर विसंबायचे नाही, निरनिराळ्या उपग्रहांनी त्याच काळात खेकड्याकडे पाहून आकडे एकमेकांशी ताडायचे, असा रिवाज अधिक पक्का झाला. खेकडा किती हलतो हे आता ठाऊक झाले, म्हणून त्याला वगळण्याऐवजी त्याच्या हलण्याचाच हिशेब धरला जातो. आपला अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्यावरच्या कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या कॅमेऱ्याचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुढाकार घेऊन केले आणि त्याची सांभाळणी पुण्याच्या आयुकातून झाली. हा कॅमेरा सुरू झाल्यावर पहिल्यांदा वळवला गेला तो याच खेकड्याकडे. लडाखमध्ये हान्ले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २१ मीटर व्यासाची मेस ही गॅमा दुर्बीण उभारली, तिच्यासारख्या दुर्बिणींचीही पहिली परीक्षा याच डागावर होत असते.

चंद्रावर मेसिएच्या नावाचे एक विवर आहे. त्याच्या शेजारच्या जुळ्या विवरातून दोन पांढरे पट्टे धूमकेतूच्या शेपटीसारखे निघालेले दिसतात. नाव देणाऱ्यांनी जागा बरोबर निवडली.

मीही हल्ली माझा क्रम बदलला आहे. तो डाग शेवटी दाखवण्याऐवजी मध्येच दाखवतो आणि आधी मेसिएच्या मार्च १७७२ मधल्या तीन तारखा सांगतो. कोणी हसत नाही. दुर्बिणीला डोळा लावलेली माणसे पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ थांबतात. परवा एका मुलीने मला विचारले, की हा डाग तेव्हाही इथेच होता का? मी हो म्हणालो. मग जरा थांबून, जवळजवळ इथेच, अशी दुरुस्ती केली.